विहिरीच्या तळाला ऊन

4 मे

तुतारी एक्सप्रेस मध्यरात्री दादर सोडते, पण फलाटावरचा मे महिना रात्री दहापासूनच सुरू झालेला असतो. ट्रंकेवर बसलेल्या आज्या, बॅगेतून डोकं बाहेर काढणारे क्रिकेटचे स्टंप, रडणारं एक आणि त्याला रडवणारं दुसरं पोर. आमचं तिकीट वेटिंगवरून आरएसीपर्यंत येऊन अडकलं होतं. म्हणजे साइड लोअरच्या एकाच बाकावर दोघं: मी आणि माझा बारा वर्षांचा भाचा. तो पाय पसरून झोपला. मी रात्रभर त्याचे पाय सांभाळत बसले.

मुळात जायचं ठरलं ते माझ्या रक्तदाबामुळे. मार्चअखेरीचं काम आवरता आवरता एप्रिल सरला आणि डॉक्टरांनी यंत्रावरचा आकडा दोनदा मोजून पाहिला. गोळी दिली आणि वर सांगितलं, दिवसातून तीनदा दहा मिनिटं काहीही न करता बसा. त्यासाठी ऑफिसातल्या मैत्रिणीने फोनवर एक ॲप टाकून दिलं. त्यात ठरल्या वेळी देवळातल्यासारखी घंटा वाजते आणि एक बाई हळू आवाजात श्वासाकडे लक्ष द्यायला सांगते. मुंबईत ती घंटा नेमकी मीटिंगमध्ये वाजायची. म्हटलं, मामाच्या गावाला जाऊ, तिथे निवांत बसता येईल. मे महिन्यात आंबेवाल्याच्या घरी निवांतपणा शोधायला निघालेली मी पहिली नसेन, पण शहाणी नक्कीच नव्हते.

सकाळी रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटरचा. आत शिरताच रेंज गेली, डब्यातले सगळे व्हिडिओ एकदम बंद पडले आणि जो तो हातातल्या फोनकडे बघत बसला. तेवढी काही मिनिटं गाडीच्या आवाजाखेरीज डब्यात काही नव्हतं. बाहेर आल्याबरोबर पुन्हा बाजार.

रत्नागिरीहून पावसमार्गे एसटी. महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे आमच्या दोघांचीही अर्धीच, म्हणून कंडक्टरने भाच्याला चिडवून घेतलं. पूर्णगडला मुचकुंदीचा पूल ओलांडला, गावखडीचं सुरूबन मागे पडलं आणि कशेळीच्या अलीकडच्या फाट्यावर आम्ही उतरलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. पाखाडी उतरून घरापर्यंत पोचलो तर स्वागताला कुत्रंही उठलं नाही. ओटीवर दोन गडी आडवे, पडवीत दादा आडवा, माजघरात वहिनी. मामी तेवढी जागी होती, तीही भिंतीला टेकून.

"आलात? पाय धुवा, जेवा नि पडा. चारपर्यंत कुणाला हाक मारायची नाय."

5 मे

साडेचारला मामीच्या बांगड्यांच्या आवाजाने जाग आली. अंधारात चहा झाला आणि फटफटायच्या आत सगळे बागेत. हापूस काढायचा तो उन्हाच्या आधी. काढलेलं फळ तापलेल्या जमिनीवर ठेवायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, नाहीतर आत साका धरतो: वरून आंबा देखणा आणि कापला की गरात पांढरट, आंबट डाग. दादा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला वापरतो. लांब काठी, तोंडाशी पातं आणि खाली जाळी. आंबा देठासकट जाळीत पडला पाहिजे. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो आणि तिथली साल काळी पडते. असा डागाळलेला आंबा मग पेटीत जात नाही, घरच्यांच्या ताटात येतो. लहानपणी मला वाटायचं की मामा आमच्यासाठी खास आंबे ठेवतो. ते खास म्हणजे हे.

"कधी काढायचा हे कसं कळतं रे?" मी विचारलं.

"चौदा आणे झाला की. सोळा आण्याची वाट बघत बसलीस तर वाशीला पोचेस्तोवर रस."

खालून बघताना मला सगळे आंबे सारखेच दिसत होते. दादा मात्र एका फांदीवरचे तीन सोडून चौथा काढायचा. देठाजवळचा खांदा भरलाय का, हे तो वीस फुटांवरून बघतो. झेला वर गेला की त्याचं बोलणं थांबायचं, आंबा जाळीत पडला की अर्धं राहिलेलं वाक्य पुढे सुरू. नेपाळहून आलेला राखणदार माझ्यासारख्याच नवशिक्याला, म्हणजे माझ्या भाच्याला, क्रेटमध्ये आंबा कसा ठेवायचा ते शिकवत होता. टाकायचा नाही, ठेवायचा. हा माणूस थंडीच्या सुरुवातीला येतो, मोहोरापासून शेवटच्या पेटीपर्यंत बागेतल्या खोपटात राहतो आणि पावसाच्या तोंडावर परत जातो. इकडच्या कितीतरी बागा अशाच माणसांच्या जागरणावर उभ्या आहेत. गावात सरसकट सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतात, ते मला आवडत नाही. भाच्याने त्याला पहिल्यांदा त्याचं खरं नाव विचारलं.

सात वाजता माझी घंटा वाजली. दोन्ही हातांत क्रेट होता. बाई श्वासाबद्दल बोलून दमली आणि आपोआप थांबली.

नऊच्या पुढे ऊन झोंबायला लागलं तसं सगळं घराच्या सावलीत आलं. मग निवड. मोठा, मध्यम, लहान, डागी. वहिनीचा हात तराजूसारखा चालतो, एकेक फळ उचलून ती त्या त्या ढिगात ठेवते आणि त्याच वेळी भावजयीच्या मुलीच्या लग्नाबद्दलही बोलते. बारा वाजता मात्र घर अचानक बंद होतं. काल मला तो आळस वाटला होता, आज त्याचा अर्थ हाडांना कळला. पहाटेपासून सात तास उभं राहून झालेले असतात आणि संध्याकाळचं काम पुढे असतं. मधल्या उन्हात कामाला हात घातला तर माणूसही खराब होतो आणि आंबाही. पडवीतल्या गार जमिनीवर मी पाठ टेकली आणि घंटेच्या बाईची वाट न बघता झोपून गेले.

चारनंतरचा प्रकार सांगते, कारण 'शांत, निसर्गरम्य कोकण' असं लिहिणाऱ्यांना तो दिसत नाही. खोक्यांत पेंढा, पेंढ्यात आंबे, थरावर थर, चिकटपट्टीचा कर्र आवाज, खोक्यावर नाव आणि डझन. हुंडेकऱ्याचा टेम्पो साडेसहाला फाट्यावर येतो आणि थांबत नाही. तो चुकला तर माल उद्यावर आणि उद्याचा दर आजचा नसतो. दादा एका कानाला फोन लावून वाशीच्या दलालाशी बोलत होता, दुसऱ्या हाताने पेटी बांधत होता आणि मधूनच हवामानाची तीन वेगवेगळी ॲपं उघडून बघत होता. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा झाडावरचा उरलेला आंबा एका दिवसात जमिनीवर आला होता. तेव्हापासून आभाळात ढगाचा तुकडा दिसला तरी त्याचा आवाज बदलतो, असं वहिनी म्हणते.

टेम्पो गेल्यावर सगळे अंगणातल्या मांडवाखाली बसले. कुणी बोललं नाही. आठवड्यापूर्वीच्या मालाची पट्टी, म्हणजे दलालाचा हिशोब, आली होती. दादाने ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि फक्त म्हणाला, "पेट्रोल सुटलं."

6 मे

आज बागेत एकाच कलमाचं काम, त्यामुळे बायकांनी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, काढले. माणूस थकला तर काम बदलतं, थांबत नाही, असा या घराचा नियम दिसतो. रातांबा चिरायचा, बिया आणि गर वेगळा करायचा, साल उन्हात टाकायची. मिठात सुटलेल्या रसात ती साल पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, पुन्हा बुडवायची. असे रसाचे पुट चढत चढत आमसूल काळंभोर होतं. घाई केली तर बुरशी. मामी रातांबे चिरायला बसली ती तीन तास उठली नाही. मी कौतुकाने म्हटलं, "मामी, किती शांतपणे करतेस गो."

"शांत कसली? गुडघा धरलाय. उठले की परत बसवणार नाय, म्हणून बसल्ये."

गावातल्या म्हाताऱ्या माणसांत आपल्याला हवं ते तत्त्वज्ञान बघायची खोड मला आहे, ती या उत्तराने दोन दिवस तरी गेली. दुपारची घंटा वाजली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत लाल होते. भाच्याने फोन उचलला, बाईचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि मामीला सांगितलं, "ती म्हणते, विचार येऊ दे आणि जाऊ दे." मामी म्हणाली, "माश्या हाक आधी."

शेजारच्या वाडीत पूजा होती. कर्ण्यावर सकाळपासून गाणी. दुपारची झोप बुडाली म्हणून अख्खं घर चिडचिडं.

संध्याकाळी आम्ही दोघं कनकादित्याला चालत गेलो. सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकी, त्यातलं हे एक. सौराष्ट्रातल्या प्रभासपाटणहून मूर्ती घेऊन निघालेलं जहाज इथल्या किनाऱ्याशी अडलं, मूर्ती कड्याखालच्या घळीत ठेवली तेव्हाच ते पुढे सरकलं, आणि पुढे कनका नावाच्या गणिकेला दृष्टांत होऊन मूर्ती गावात आली, अशी आख्यायिका. शिलाहार राजा भोज याचा शके 1113 चा ताम्रपटही देवस्थानाकडे आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी सव्वाआठशे वर्षांचा कागद, म्हणजे तांब्याचा कागद, ही लहान गोष्ट नाही. लाकडी सभामंडपात गारवा होता आणि आमच्याखेरीज एकच माणूस, तोही खांबाला टेकून पेंगलेला.

देवघळीच्या कड्यावर मात्र गर्दी. चार गाड्या, एक ड्रोन. ड्रोनचा आवाज समुद्रापेक्षा मोठा. आम्ही सूर्य बुडायची वाट न बघता परतलो आणि वाटेत करवंदांच्या जाळीत अर्धा तास घालवला. ते जास्त बरं झालं.

7 मे

हा दिवस भाच्याने वहीत आधीच चौकट करून ठेवला होता. शून्य सावली. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. मुंबईत हे पंधरा-सोळा मेच्या सुमारास घडतं. कशेळी बरीच दक्षिणेला, म्हणून इथे आठवडाभर आधी. वेळ दुपारी 12 वाजून 33 मिनिटं. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य परत जाताना दुसरा दिवस येतो, पण तेव्हा कोकणात सूर्य बघितलाय कुणी?

माझा बेत ठरला होता. जवळच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे. बरोबर साडेबाराला त्याच्याशेजारी उभं राहायचं, सावलीशिवाय, काही न करता, दहा मिनिटं. ॲपचीही वेळ मी त्याप्रमाणे बदलून ठेवली होती. रक्तदाब कमी करण्याचा याहून भारदस्त कार्यक्रम मला सुचला नसता.

अकराला पंप बंद पडला.

मे महिन्यात विहीर खाली जाते. चाळीस फुटांच्या चिरेबंदी विहिरीत कमरेएवढं पाणी उरलेलं, आणि पंपाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाशी असलेल्या झडपेत, पाला अडकून तो हवा ओढत होता. घरात आठ माणसं, गोठ्यात दोन गुरं, खाली आगरात पोफळी. दादाने वीज बंद केली, कमरेला दोर बांधला आणि चिऱ्यांच्या खोबणीत पाय देत आत उतरायला लागला. दोराचं दुसरं टोक रहाटाच्या खांबाला, आणि हात लावायला राखणदार, वहिनी नि मी. सड्याचा विषय मी काढलाच नाही. भाचा मात्र तोंड पाडून काठावर स्टीलचा पेला उपडा ठेवून बसला. हत्ती नाही तर पेला.

खालून ठोकण्याचे आवाज येत होते. मध्येच शिव्या, त्या चाळीस फुटांतून येताना गोलाकार व्हायच्या. साडेअकराच्या सुमारास मी आत बघितलं तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवरून उतरत आलेल्या उन्हाने पाण्याला नुकती कड लावली होती. बाकीचा तळ हिरवट काळा. ती कड पुढे सरकत होती, पण सरकताना दिसत नव्हती. नजर काढून पुन्हा टाकली की ती थोडी पुढे गेलेली असायची. दोर हातात असल्यामुळे दुसरं काही करताही येत नव्हतं. मी बघत राहिले. वहिनीही बघत राहिली, आणि तिच्या हातात काही काम नाही असं मी या घरात प्रथमच पाहिलं.

"पेल्याची सावली करंगळीएवढी," भाचा सांगायचा. मग, "नखाएवढी."

आणि मग तो एकदम ओरडला. त्याच वेळी खालून दादाचा आवाज आला, "अरे, ऊन आलं खाली!"

मी वाकून पाहिलं. तळ काठोकाठ उजळला होता. कुठेच सावली नव्हती. पाणी इतकं स्वच्छ की दादाचे पाय, तळाची वाळू, पडलेली कळशी, कधीचा हरवलेला एक चेंडू, सगळं दिसत होतं. त्याने हात हलवला की पाण्यावर तरंग उठायचे आणि त्यांचं उजेडी जाळं चिऱ्यांवरून थरथरत वर चढायचं, पार रहाटापर्यंत. भिंतीतल्या फटीत उगवलेली नेची आतून दिवा लावल्यासारखी हिरवी झाली होती. दादा कमरेपर्यंत पाण्यात, हातात पाना, मान वर करून डोळे मिटून उभा. या विहिरीत तो लहानपणापासून उतरतोय. नंतर म्हणाला, असं ऊन कधी लागलं नव्हतं, या वेळेला कधी उतरलोच नव्हतो. ही वेळ झोपेची.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. फार नसेल. मी आणखी पुढे वाकले आणि पाण्यावर, दादाच्या बाजूला, माझ्या डोक्याचा काळा गोळा पडला.

"डोकं काढ गो," तो खालून म्हणाला. "काळोख पडतो."

मी मागे झाले. ओसरीवर ठेवलेल्या फोनची घंटा वाजत होती, ती थोड्या वेळाने थांबली. पूर्वेच्या भिंतीवर ऊन चढायला लागलं तसा तळाचा पश्चिमेकडचा कोपरा पुन्हा हिरवा झाला. दादाने फूटव्हॉल्व्ह बसवला आणि दोर हलवला. वर आल्यावर पहिलं वाक्य: "मोटर लाव. टाकी भरून घेऊ." चेंडू त्याने खिशात घालून आणला होता. तो कुणाचा यावर जेवताना वाद झाला.

8 मे

दिवसभर पेट्या. पस्तीस गेल्या. संध्याकाळी मात्र दादाने स्वतःच स्कूटर काढली आणि तिघं सड्यावर गेलो.

सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. मे महिन्यात त्यावर जळकं गवत आणि काळा कातळ, आणि पायाला चपलेतूनही जाणवणारी धग. एक टिटवी आमच्या डोक्यावरून ओरडत फिरत राहिली. जवळपास कुठेतरी तिची अंडी असणार, म्हणून आम्ही खाली बघत बघत चाललो. हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. त्याच्या रेषेच्या आत लहान लहान प्राणी, पक्षी, मासे कोरलेले. अभ्यासक ही चित्रं मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी सडे पायाखाली घालून अशा कितीतरी जागा उजेडात आणल्या, आणि 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यात कशेळी आहे, बारसूही आहे. त्याच बारसूच्या सड्यावर 2023 च्या एप्रिल-मेमध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं होतं, बायका तापल्या कातळावर आडव्या पडल्या होत्या. सड्याला ओसाड म्हणणाऱ्यांना हे दोन्ही माहीत नसतं.

पोचलो तेव्हा मला काहीच दिसेना. ऊन अजून वर होतं, कातळ नुसता काळपट. दादा म्हणाला, "थांब." सूर्य खाली आला तशा कोरलेल्या खाचांत सावल्या भरायला लागल्या. आधी सोंड, मग पाठीची रेष, मग पोटातला एकेक मासा. तिरप्या उन्हाशिवाय हे चित्र उठत नाही.

"काल साडेबाराला आली असतीस तर हत्तीवर उभी राहून हत्ती शोधत बसली असतीस," दादा म्हणाला.

भाच्याने वहीत लिहिलं: शिल्प बघायला सावली लागते. मी त्या हत्तीच्या पाठीशी बसले. दादाचा फोन वाजला, त्याने उचलला, दराबद्दल बोलला, ठेवला. टिटवी गप्प झाली. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

9 मे

निघताना मामीने आमसुलं, साटं आणि डागी आंब्यांची पेटी दिली. पावसला उतरून स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेतलं. तरुणपणी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेला हा माणूस पुढे चाळीसेक वर्षं पावसमधल्या एका घरात राहिला आणि 1974 मध्ये गेला. सुट्टीमुळे मंदिरात रांग होती, पण रांगेत आवाज नव्हता. दुपारची खिचडी खाल्ली. भाच्याने तीनदा घेतली.

परतीला मांडवी एक्सप्रेस मिळाली. बसायला जागा मिळाली, पाय ठेवायला नाही, कारण पायाशी पेटी. रोह्याच्या पुढे तिला वास सुटला आणि समोरच्या बाईंनी विचारलंच, कुठला हो? मी गाव सांगितलं. त्यांनी दर विचारला. म्हटलं, विकायचे नाहीत, डागी आहेत. त्या म्हणाल्या, डागीच गोड. मग दोन दिले.

पनवेल जवळ आलं तेव्हा दादाचा मेसेज आला. "पंप परत हवा घेतोय. उद्या साडेबारालाच उतरतो."